पानावरची पांढरी वाट

आश्विन महिना लागला, की सह्याद्रीच्या पायथ्याचे माळ हळूहळू कोरडे होऊ लागतात. गवताचे शेंडे पिवळे पडतात, ओढ्यांचा खळखळाट मंदावतो. पण करवंदीच्या जाळ्या, निर्गुडी, धायटी, कुडा, माकडलिंबू ही झुडपे अजून हिरवीगार असतात. पायवाटेने गुराखी जातात, सरपणाच्या मोळ्या घेऊन बाया जातात, दप्तरे सांभाळीत मुले शाळेला जातात. वैशाखात करवंदे पिकली म्हणजे याच जाळ्यांभोवती मुलांची झुंबड उडते. परंतु फळे संपली, की त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. अशा एखाद्या जाळीत किती जीव राहत असतील, असे कोणाला विचारले, तर तो एखादा सरडा, बुलबुलाचे घरटे, फार तर मुंग्यांची रांग, एवढी नावे सांगेल आणि पुढे चालू लागेल. जाळीतील खरे रहिवासी मात्र त्याच्या दृष्टीला पडलेलेच नसतात. त्यांच्यातील कित्येक तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात, आणि ते पानावर राहत नसून पानाच्या आत राहतात.

अशा रहिवाशांचा शोध त्यांच्या खुणांवरून घ्यावा लागतो. जंगलात वाघ क्वचितच दिसतो. त्याचा माग दिसतो. पानांतील कीटकांचेही तसेच आहे. फरक इतकाच, की वाघाचा माग पहिल्या पावसात पुसला जातो, आणि कीटकाचा माग पान गळून पडेपर्यंत त्या पानावर राहतो.

ओढ्याकाठचे माकडलिंबाचे झुडूप पाहावे. हे लिंबाच्या कुळातील आपल्याकडील रानझुडूप आहे. त्याचे पान चुरगळले, की ओळखीचा वास दरवळतो. त्याच्या कोवळ्या पानांपैकी एखाद्यावर रुपेरी रंगाची एक नागमोडी रेघ आढळते. गोगलगाय चालून गेली असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. गोगलगाईचा माग बोटाने पुसला जातो. ही रेघ काही केल्या पुसली जात नाही. पान उजेडाकडे धरले म्हणजे उलगडा होतो. रेघ पानावर नाहीच. ती पानाच्या पातळ कातडीखाली आहे. घरच्या लिंबाच्या पानावरही हीच रेघ दिसते. शेतकरी तिच्या कर्त्रीला नागअळी म्हणतात, आणि ज्याने ती वळणे एकदा पाहिली आहेत त्याला या नावाचे कारण सांगावे लागत नाही.

पानाची जाडी ती काय? वहीचे दोन-तीन कागद एकावर एक ठेवले, की तेवढी भरते. एवढ्याशा जागेतही पानाला वरची त्वचा असते, खालची त्वचा असते आणि दोहोंच्या मध्ये हिरवा गर असतो. या घरात छप्पर आणि जमीन यांमधील सारी जागा अन्नाने भरलेली आहे! नागअळी हा एका इवल्याशा पतंगाचा बालपणीचा अवतार होय. पंख पसरले तरी हा पतंग सात-आठ मिलिमीटरांपेक्षा मोठा भरत नाही. त्याची मादी कोवळ्या पानावर, बहुधा मधल्या शिरेजवळ, दवाच्या थेंबासारखे पारदर्शक अंडे चिकटवून निघून जाते. अंड्यातून बाहेर पडणारी अळी बाहेरचे जग पाहतच नाही. ती सरळ पानाच्या कातडीत शिरते, तिच्यालगतच्या पेशी फाडून त्यांतील रस पिते आणि पुढे सरकते. पेशी रिकाम्या झाल्या, की त्या जागी हवा भरते. पापुद्र्याखालच्या त्या हवेमुळेच रेघ रुप्यासारखी चमकते. पापुद्र्यातून आरपार पाहिले, तर रेघेच्या मधोमध एक बारीक काळपट धागा दिसतो. तो धागा म्हणजे अळीची विष्ठा. वाचणाऱ्याला किळस येण्याचे कारण नाही; या शोधात तिच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही.

रेघेचे एक टोक केसासारखे बारीक असते. तेथून निघून ती वळणे घेत जाते आणि जसजशी पुढे जाते तसतशी रुंद होत जाते. अळी वाढली, तिचे अंग रुंदावले, म्हणून वाटही रुंदावली. बारीक टोक म्हणजे जन्म, रुंद टोक म्हणजे वाढीची अखेर. एखाद्या माणसाच्या लहानपणापासूनच्या पाऊलखुणा एकाच अंगणात क्रमाने उमटून राहिल्या असत्या, तर जे दिसले असते, ते येथे एका पानावर दिसते. एका पानातून दुसऱ्या पानात जाण्याची सोय या अळीला नाही. आईने निवडून दिलेले पान हेच तिचे गाव. पान लहान निघाले, किंवा त्यात आणखी दोघीतिघी आल्या, तर वाटा एकमेकींना भिडतात आणि कोणाची तरी उपासमार होते.

मात्र पानावरील प्रत्येक पांढरी रेघ नागअळीचीच असते असे नाही. टोमॅटोच्या किंवा एरंडाच्या पानावरही वळणदार रेघा दिसतात. त्या बहुधा एका लहान माशीच्या अळीने काढलेल्या असतात. ही माशी मूळची अमेरिकेतील असून १९९० च्या सुमारास ती भारतात आली. हिच्या रेघेत विष्ठेचा धागा मधोमध नसतो; काळे ठिपके कधी या कडेला, तर कधी त्या कडेला पडलेले असतात. माशीची अळी पानाच्या आत कुशीवर पडून खाते आणि मधूनमधून कूस बदलते. त्याबरोबर ठिपक्यांची रांगही बाजू बदलते. प्रत्यक्ष अळी एकदाही न पाहता ती कोणत्या कुशीवर निजली होती, हे सांगता यावे, ही नवलाची गोष्ट नव्हे काय?

कोणी अळी वळणावळणाची वाट काढण्याऐवजी एकाच जागी चहूकडे खात जाते. तेव्हा पानावर रेघेच्या जागी फिक्कट डाग किंवा फुगलेला फोड दिसतो. करंजाच्या पानावर पतंगांच्या दोन निरनिराळ्या जातींची घरे सापडतात. त्यांतील एक जात नागमोडी वाट काढते, तर दुसरी असा फोड करते. एकाच झाडाचे पान दोघींचेही अन्न आहे, पण खाण्याची रीत निराळी. आणि त्या रीतीवरून दोघी ओळखू येतात.

आता वाटेच्या शेवटाकडे वळावे. खरी उत्सुकता तेथेच आहे. वाट संपली म्हणजे वाटसरूचे काय झाले? नागअळी पूर्ण वाढली, की पानाच्या कडेशी येते, रेशमाचे धागे सोडून कड आतल्या बाजूला वळवून घेते आणि त्या घडीत कोष करते. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा सारा प्रवास दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. पतंग बाहेर पडताना कोषाचे रिकामे टरफल घडीतून अर्धवट बाहेर ओढले जाते. तेव्हा पानाच्या वळलेल्या कडेतून पिवळसर, पोकळ, सुईच्या टोकाएवढे काही डोकावताना दिसले, तर समजावे, की घरधनीण सुखरूप उडून गेली.

पण कित्येकदा टरफल दिसत नाही. त्याऐवजी पापुद्र्याला टाचणीने पाडावे तसे एक लहान, गोल, स्वच्छ भोक दिसते. पतंग अशा भोकातून बाहेर पडत नाही. येथे दुसरेच कोणी येऊन गेलेले असते. गांधीलमाशीच्या कुळातील काही माश्या इतक्या लहान असतात, की त्या स्वल्पविरामावर बसल्या तर तो जेमतेम झाकला जाईल. अशी माशी पानावरून चालत अळीचा ठाव घेते, पापुद्र्यातून आपली नांगी आत खुपसते आणि अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडे घालते. माशीचे पिलू अळीला खाऊन तिच्याच घरात वाढते आणि शेवटी भोक पाडून बाहेर पडते. वाट काढली एकीने आणि दार उघडले दुसरीने!

पापुद्रा वेडावाकडा फाटलेला असेल, तर एखाद्या लहान पक्ष्याने चोच मारून किंवा मुंग्यांनी पापुद्रा फोडून अळी नेली असावी, असा तर्क करता येतो. आणि वाट अर्ध्यावरच थांबली असेल, पुढे ना घडी, ना भोक, तर भिंगातून नीट पाहावे. वाळून चिपाड झालेली अळी तेथेच पडलेली आढळते. एकाच झुडपाची वीस पाने तपासली, तर या चारही कथा त्यांत सापडण्याचा संभव असतो.

हा निव्वळ फावल्या वेळेचा खेळ नव्हे. विदर्भातील संत्र्याच्या बागाईतदाराला नागअळी चांगली ठाऊक असते. झाडांना नवती फुटली, की कोवळ्या पानांवर रुपेरी रेघा उमटतात, पाने मुडपतात आणि बागाईतदाराच्या मनात भीती उभी राहते. ती अगदीच निराधार नाही. रोपवाटिकेतील लहान रोपांना या अळीचा उपद्रव जाचतो. शिवाय फाटलेल्या पापुद्र्यातून खैऱ्या रोगाच्या जंतूंना पानात शिरायला वाट मिळते. परंतु मोठी, सशक्त झाडे पुष्कळशी पाने गमावूनही फळ देतात. अशा वेळी रेघ दिसताच विषाची फवारणी केली, तर काय घडते? पुष्कळशी विषे पानाच्या वरच राहतात. अळी पापुद्र्याखाली सुरक्षित असते, आणि पानावरून हिंडणारी ती इवली माशी मात्र मरते. शत्रू घरात राहिला आणि राखणदार दारात मारला गेला! ज्याला पान वाचता येते, तो आधी दहा-वीस पाने उजेडाकडे धरून पाहतो. वाटांतून जिवंत अळ्या अधिक आहेत, की गोल भोके अधिक आहेत, हे मोजतो. फवारणी करावी की थांबावे, हे तो त्यानंतर ठरवतो.

या माशीचे मोल दूरदेशीच्या लोकांनाही एकदा कळून आले. नागअळीच्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन स्टेन्टन या इंग्रज संशोधकाने १८५६ साली कलकत्त्याच्या नमुन्यांवरून केले होते. हाच पतंग १९९३ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जाऊन पोहोचला आणि तेथील लिंबू-संत्र्यांच्या बागांमधून झपाट्याने पसरला. तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मूळची थायलंडकडील एक परोपजीवी माशी ऑस्ट्रेलियातून मागवून बागांत सोडली. या माशीचा चमत्कार असा, की तिच्या एकाच अंड्यातून अनेक माश्या निपजतात. नागअळीच्या घडीत मग एका कोषाऐवजी लहान लहान कोषांची रांग सापडते. पिकाच्या मदतीसाठी समुद्रापलीकडून मागवावा लागणारा हा वर्ग आपल्या ओढ्याकाठच्या झुडपांवर फुकट नांदत असतो. लिंबाच्या झाडांना वर्षभर कोवळी पाने येत नाहीत; तेव्हा नागअळीचाही तुटवडा पडतो. अशा दिवसांत यांपैकी काही माश्या रानझुडपांच्या पानांतील इतर अळ्यांवर निर्वाह करतात. बांध साफ दिसावा म्हणून करवंद-निर्गुडी तोडणारा मनुष्य आपल्याच राखणदारांची शिदोरी तोडतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

पानांवर आणखीही खुणा असतात. कांचनाच्या किंवा तुरीच्या पानाच्या कडेला कात्रीने कापावेत तसे गोल व लांबट तुकडे नाहीसे झालेले असतात. ते काम पाने कापणाऱ्या मधमाशीचे. ती लांबट तुकड्यांनी आपल्या घराच्या भिंती करते आणि गोल तुकड्यांनी झाकण. ही माशी पान खात नाही. तिने ते बांधकामासाठी नेलेले असते. आंब्याच्या पानाची सुबक सुरळी करून तीत अंडे ठेवणारा एक भुंगा आहे. सातविणीच्या पानावरील गाठींमध्ये रस शोषणारे लहानगे कीटक राहतात. अशा गाठींच्या अभ्यासाला डॉ. एम. एस. मणी या भारतीय शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षे वाहिली. १९६४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा या विषयावरील ग्रंथ विख्यात आहे. परंतु गाठ दिसली की आत कीटकच असेल, असे धरून चालणाराही फसतो. करंजाच्या पानावर बोटांसारखे जे उंचवटे येतात ते कीटकांचे काम नव्हे. कोळी व गोचीड यांच्या दूरच्या नात्यातील, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाचे ते घर आहे.

पानांच्या आतील या जगाकडे शोधकांचे लक्ष फार पूर्वी गेले. फ्रान्समधील रेओम्यूर या थोर निरीक्षकाने आपल्या कीटकविषयक ग्रंथाच्या १७३७ साली निघालेल्या तिसऱ्या खंडात पाने पोखरणाऱ्या अळ्यांचा इतिहास सविस्तर दिला आहे. आपल्या देशातील अशा पतंगांना शास्त्रीय नावे देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) यांचे नाव ठळक आहे. हे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते. इंग्लंडमधील एका शाळेत शिकवता शिकवता त्यांनी जगभरातून येणाऱ्या लहान पतंगांची तपासणी केली आणि चौदा हजारांच्या आसपास जातींचे वर्णन केले. पतंग दिव्यावर येतो, हे खरे. पण दिव्यावर आलेला पतंग आपले बालपण कोठे गेले हे सांगत नाही. ते जाणण्याचा मार्ग एकच. अळी आत असलेले पान आणावे, ते जपावे आणि पतंग बाहेर येईपर्यंत वाट पाहावी. बिहारमधील पुसा येथील कृषिसंस्थेत टी. बेनब्रिग फ्लेचर यांनी नेमके हेच काम चालवले, आणि १९२० मध्ये अशा लहान पतंगांच्या जीवनक्रमांवर त्यांचा मोठा लेख प्रसिद्ध झाला.

इतके होऊनही काम संपलेले नाही. सह्याद्रीतील कितीतरी झुडपांच्या पानांत कोण राहते, हे अद्याप कोणी पाहिलेले नाही. या अळ्यांपैकी पुष्कळ जणी एकाच वनस्पतीवर, नाहीतर तिच्या जवळच्या भावंडांवर जगतात. लिंबाच्या नागअळीला लिंबू, संत्रे, बेल, माकडलिंबू अशी एकाच कुळातील झाडे चालतात; तिला निर्गुडीच्या पानावर ठेवले तर ती उपाशी मरेल. म्हणून चैत्रात माळाला वणवा लागतो, किंवा एखाद्या टेकडीवरील रान सपाट केले जाते, तेव्हा नुसती झुडपे जात नाहीत. त्यांच्या पानांतील जीव, त्या जीवांवर जगणाऱ्या माश्या आणि पानापानांवर लिहिलेल्या त्यांच्या हकिगती एकदम नाहीशा होतात. त्यांतील काहींना तर अजून नावही मिळालेले नसते.

विद्यार्थ्याला या शोधासाठी फारसे साहित्य लागत नाही. एक साधे भिंग, रुंद तोंडाची काचेची बाटली, मलमलीचा तुकडा आणि जुनी वर्तमानपत्रे पुरेशी होतात. झुडपाची फांदी मोडू नये; वाट असलेली दोन-तीन पानेच देठापाशी खुडावीत. ज्या पानात अळी किंवा कोष जिवंत दिसतो ते बाटलीत ओलसर कागदावर ठेवावे आणि तोंडाला मलमल बांधावी. बाटली उन्हात ठेवू नये. काचेवर वाफ धरली तर कागद बदलावा, नाहीतर पानाला बुरशी येते. पहिले काही दिवस काहीच घडत नाही आणि धीर सुटू लागतो. मग एखाद्या सकाळी मलमलीच्या आतल्या बाजूला एक रुपेरी कण बसलेला दिसतो. भिंगातून पाहिले तर पंखांना झालर असते आणि टोकाशी एक काळा ठिपका असतो. किंवा तेथे पतंग नसतोच. एक चकचकीत काळी माशी काचेवरून लगबगीने फिरत असते.

ज्या वाटा रिकाम्या आहेत ती पाने वर्तमानपत्रात दाबून वाळवावीत आणि वहीत चिकटवावीत. शेजारी झुडपाचे नाव, जागा आणि दिवस लिहिल्यावाचून पान चिकटवू नये. नोंदीवाचून ते शास्त्राच्या उपयोगी पडत नाही. नोंद लांबलचक नसली तरी चालते. “माकडलिंबू. गावाच्या उत्तरेचा ओढा, पुलाजवळ. कार्तिक शुद्ध तृतीया. पाने तपासली वीस. वाटा सात. कडेला घडी व टरफल दोन ठिकाणी, गोल भोक चार ठिकाणी. एका वाटेत अळी जिवंत. ते पान बाटलीत ठेवले आहे.”